चौथीच्या बाईंना पाठबळ

चौथीच्या बाईंना पाठबळ द्यायचं असं वर ठरलं, तेव्हा बाई खाली अपूर्णांक शिकवत होत्या. त्यांनी कुणाकडे पाठबळ मागितलं नव्हतं. मागितली होती ती सुट्टी, तीही अर्ध्या दिवसाची, आणि ती नामंजूर झाली होती. पण खात्याचं असंच असतं. मागाल ते मिळत नाही आणि मिळतं ते परत करता येत नाही.

बाईंचा वर्ग जिन्याच्या पलीकडे, लांबट खोलीत भरायचा. चाळीसेक पोरं, बाकांना बाक चिकटलेले, मागच्या भिंतीवर गेल्या वर्षीच्या पोरांनी काढलेली चित्रं. पहिल्या बाकावर भिंगरी बसायची. एका जागी टिकत नाही म्हणून तिच्या आजीने ठेवलेलं हे नाव. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आधी ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत होती, पण वडिलांची बदली झाली, नव्या गावात तशी शाळा नव्हती, आणि आईने तिला सरळ इथे आणून बाईंच्या पुढ्यात उभं केलं.

"हिला ऐकू येत नाही," आई म्हणाली, "पण दिसतं सगळं. तेव्हा जरा जपून."

बाईंनी आधी तिच्याशी मोठ्याने बोलून पाहिलं, मग लिहून, मग हातवारे करून. हातवारे पाहून भिंगरीने कपाळावर हात मारून घेतला. बाईंनी 'पाणी पिऊन ये' म्हणून जे काही केलं होतं, त्याचा तिच्या भाषेत 'म्हशीला मिशा फुटल्या' असा काहीतरी अर्थ होत होता. मग तिनेच बाईंचा हात हातात घेतला, बोटं एकेक करून सरळ केली आणि पाणी कसं म्हणायचं ते दाखवलं. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली. शिकवणारी भिंगरी, शिकणाऱ्या बाई. मास्तरीण कडक होती. चुकलं की हातावर टिचकी बसायची.

पोरं तर बाईंच्याही पुढे गेली. बाईंच्या देखत बोलता येतं आणि आवाज होत नाही, अशी भाषा शिकायला कुठल्या पोराला कंटाळा येईल? भिंगरीच्या शेजारी बसणारी चष्मिस सगळ्यांत आधी तरबेज झाली. एक मुलगा बोलताना फार अडखळायचा; त्याचे हात मात्र झरझर चालायचे, आणि वर्गाला पहिल्यांदाच कळलं की हा किती विनोदी आहे. दुसऱ्या देशातून आलेली एक नवी मुलगी होती. तिला इथली भाषा येईना, पण खुणा सगळ्यांबरोबरच शिकायच्या होत्या, त्यामुळे तिथे ती कुणाच्या मागे नव्हती. बाईंचंही एक वळण मोडलं. फळ्याकडे तोंड करून बोललं की भिंगरीला काही कळायचं नाही, म्हणून त्या आधी लिहायच्या, मग वळायच्या, मग सावकाश बोलायच्या. केलं भिंगरीसाठी, पण मागच्या बाकांवरच्या रथीमहारथींनाही अपूर्णांक समजायला लागले. बाईंनाच आश्चर्य वाटलं.

तर अशा या वर्गात एके दिवशी पाठबळसाहेब आले.

त्यांच्या पदाचं खरं नाव बरंच लांब होतं. ते पूर्ण म्हणेपर्यंत चहा निवायचा, म्हणून शिक्षक त्यांना पाठबळसाहेब म्हणत. त्यांच्याबरोबर मोठे सर होते. मोठे सर म्हणजे हेडमास्तर. माणूस वाईट नव्हता, पण निवृत्ती तोंडावर आलेली, आणि त्यामुळे कुठलाही साहेब दिसला की त्यांची मान आपोआप हलायला लागायची.

साहेब मागच्या बाकावर बसले. बाक चौथीच्या मापाचा, साहेब साहेबांच्या मापाचे. गुडघे पार हनुवटीपाशी आले, आणि हातातलं पेन अंगठ्याखाली टकटक वाजत राहिलं. बाईंनी शिकवायला सुरुवात केली. वर्ग चिडीचूप. साहेबांना दिसत होत्या त्या चाळीस पाठी. बाईंना दिसत होते ऐंशी हात.

'मिशी काळी, केस पांढरे,' चष्मिस म्हणाली. हातांनी, अर्थातच.

'मिशी त्यांची नाही,' अडखळणाऱ्या मुलाने खुलासा केला. 'भाड्याने आणली आहे.'

भिंगरीने साहेबांचं नाव पाडून टाकलं: नाकाखाली दोन बोटं फिरवायची आणि अंगठ्याने पेन टकटक करायचं. नाव एका क्षणात शेवटच्या बाकापर्यंत पोचलं. बाईंना हसू आवरेना. त्या खोकल्या, वळल्या, आणि फळ्यावर तीनअष्टमांशाच्या जागी आठतृतीयांश लिहून बसल्या.

तास संपल्यावर साहेब मोठ्या मुश्किलीने बाकातून सुटले.

"बाई, शिस्त छान आहे. पण वर्गात संवाद दिसला नाही."

"संवाद?" बाई म्हणाल्या. "पुष्कळ चालला होता साहेब."

"मला एक शब्द ऐकू आला नाही."

"शब्द नव्हताच तो."

साहेबांनी हे मनावर घेतलं नाही. ते भिंगरीपुढे वाकले आणि नाव विचारलं. ती त्यांच्या मिशीकडे बघत राहिली. त्यांनी पुन्हा, जास्त जोरात विचारलं. तिसऱ्यांदा ते इतक्या मोठ्याने ओरडले, की शेजारच्या वर्गातल्या एका मुलाने उभं राहून आपलं नाव सांगितलं.

"तिला ऐकू येत नाही साहेब," बाई म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. सकाळपासून शोधत होते ते अखेर सापडलं, असा. "अरे वा! म्हणजे ही मुलगी मुख्य प्रवाहात आहे?"

"पहिल्या बाकावर आहे."

"आणि तुम्हाला काही विशेष प्रशिक्षण?"

"हीच देते. मधल्या सुट्टीत."

साहेब मोठ्या सरांकडे वळून हळहळले. "पाहिलंत? बिचाऱ्या एकट्या झुंजताहेत. यांना आधाराची नितांत गरज आहे."

मोठ्या सरांची मान हललीच.

पाठबळ आलं ते प्रशिक्षणाच्या रूपाने. एका हॉटेलच्या तळघरातला हॉल, थंडगार हवा, प्रत्येकाला एक पिशवी आणि पिशवीत आणखी एक घडीची पिशवी. एक तज्ज्ञ बाई पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवत होत्या. 'नेहमी विद्यार्थ्याकडे तोंड करून बोलावे,' हे वाक्य त्यांनी पडद्याकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ फिरवून, दोनदा वाचलं. चौथीच्या बाईंनी हात वर केला. त्यांना विचारायचं होतं की ऐकू न येणाऱ्या मुलीला कविता कशी शिकवावी, कारण तिथे त्या खरंच अडल्या होत्या. यमक हा प्रकार भिंगरीला पटतच नव्हता.

"प्रश्न शेवटी घेऊ," तज्ज्ञ बाई म्हणाल्या. शेवटी ग्रुप फोटो झाला.

प्रशिक्षण लांबत गेलं, आणि तोवर चौथीचा वर्ग ड्रिलच्या सरांकडे होता. ते सरळमार्गी गृहस्थ. त्यांना अपूर्णांक येत नव्हते आणि येतात असं सोंगही त्यांनी आणलं नाही. त्यांनी पोरांना मैदानात नेलं आणि पळवलं. बाई परतल्या तेव्हा वर्गाच्या पिंढऱ्या भरल्या होत्या आणि डोकी रिकामी झाली होती.

घरी बाईंनी पिशवी सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"काय दिलं म्हणे तुला?"

"पाठबळ."

"आणि पाठ तर वाकलीय तुझी." त्यांनी सुनेपुढे चहा सरकवला. "आजार रेड्याला नि औषध पखालीला! त्या पोरीला काय मिळालं?"

 याचं उत्तर पुढच्याच आठवड्यात शाळेने दिलं.

ऑफिसच्या शेजारी एक मोठी हवेशीर खोली होती. पूर्वी तिच्यात मोडकी कपाटं असायची. ती रिकामी करून रंगवली, तीन बाजूंनी खिडक्या उघडल्या, गोल टेबलं आली आणि गर्रकन फिरणाऱ्या निळ्या खुर्च्या आल्या. दारावर पाटी लागली, 'समावेशन कक्ष'. साहेबांनी फीत कापली आणि भाषण केलं. "आजपासून या शाळेत एकही मूल वेगळं पडणार नाही," असं म्हणून त्यांनी तीन मुलांना वर्गातून वेगळं काढलं आणि त्या खोलीत बसवलं. भिंगरी, अडखळणारा मुलगा आणि नवी मुलगी. तिघंही चौथीतली, कारण साहेबांनी तपासली होती ती चौथीच. खोलीसाठी खास शिक्षकाचं पद मंजूर झालं होतं. शिक्षक मंजूर झाला नव्हता. तोवर शिपाईमामा दारात स्टूल टाकून बसतील, असं ठरलं.

खरं सांगायचं तर त्या दिवशीचा पहिला तास बाईंना सोपा गेला. हात दुखले नाहीत, वळून वळून बोलावं लागलं नाही, धडा घंटेच्या कितीतरी आधी संपला. आपल्याला बरं वाटतंय हे बाईंच्या लक्षात आलं आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या तासाला फळा पुसताना डस्टर हातातून निसटून त्यांच्याच डोक्यावर पडलं. सगळा वर्ग हसला. बाईंची नजर सवयीने पहिल्या बाकाकडे गेली. तिथे चष्मिस एकटी बसली होती, आणि हसत नव्हती.

मधल्या सुट्टीत बाई त्या खोलीत गेल्या. अडखळणारा मुलगा खिडकीत उभा होता. नवी मुलगी टेबलावर डोकं ठेवून झोपली होती. भिंगरी एका निळ्या खुर्चीत बसली होती आणि शेजारच्या खुर्चीवर तिने आपलं दप्तर ठेवलं होतं.

'हे खाली ठेव,' बाईंनी हाताने सांगितलं.

'नको. चष्मिसची जागा धरलीय,' भिंगरी म्हणाली. मग खोलीभर बोट फिरवून तिने विचारलं, 'बाकीचे कधी येणार?'

बाई तडक मोठ्या सरांच्या ऑफिसात गेल्या.

"सर, माझी मुलं परत द्या."

"बाई, बसा आधी. चहा घ्या."

"चहा नको. तिघांनाही वर्गात पाठवा. आज सकाळपासून त्यांच्याशी कुणी एक अक्षर बोललेलं नाही."

मोठ्या सरांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "मला कळतं हो. मीसुद्धा तीस वर्षं शिकवलंय. पण ही खोली उघडण्याचा आदेश आहे, बंद करण्याचा नाही. आत पाठवायचं तर पालकाने तोंडी सांगितलं तरी चालतं. बाहेर काढायचं तर समिती बसावी लागते."

"मग बसवा समिती."

"समिती अजून नेमलेली नाही."

 मोठे सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि दर महिन्याला कक्षातली मुलांची संख्या वर कळवायची आहे. ती कमी झाली तर साहेब मलाच विचारणार, समावेश का घटला? वाढली तर कुणी काही विचारत नाही."

हे ते सहज बोलून गेले. बाई दारापर्यंत गेल्या, थांबल्या आणि मग वर्गाकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मिसचे आजोबा मोठ्या सरांपुढे हजर झाले. नातीने रात्रभर रडून घर डोक्यावर घेतलं होतं.

"आमच्या मुलीला विशेष गरज आहे," ते म्हणाले.

"कसली?"

"लांबचं दिसत नाही."

"अहो, चष्मा आहे ना तिला?"

"चष्मा काढला की दिसत नाही."

मोठ्या सरांनी बाईंना बोलावून घेतलं. "बाई, तुम्हीच सांगा. या मुलीला खरंच गरज आहे का?"

बाईंनी आजोबांकडे पाहिलं, मग दाराआडून डोकावणाऱ्या, रडून डोळे सुजलेल्या चष्मिसकडे पाहिलं. "सर," त्या म्हणाल्या, "गरज नसलेलं पोर मी अजून पाहिलेलं नाही."

बोलल्या त्या वेळ मारून नेण्यासाठी. पण ऑफिसातून वर्गाकडे जाताना त्यांना एकेक चेहरा आठवत गेला, आणि आपण थाप मारलेली नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

चष्मिस त्या खोलीत गेल्याची बातमी दुपारपर्यंत फाटकाबाहेर पोचली, आणि फाटकाबाहेर पोचली की ती घरोघर पोचायला वेळ लागत नाही. संध्याकाळी पालकांनी बाईंना गाठलं.

"बाई, त्या खोलीत आहे तरी काय?"

"खुर्च्या आहेत. फिरणाऱ्या."

"आणि हवा?"

"तीन बाजूंनी."

बाई याउपर एक शब्द बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. शेजाऱ्याच्या पोराला काही मिळालं आणि आपल्याला नाही, एवढं कळलं की आईबापांना पाठबळ लागत नाही.

पुढचे काही दिवस ऑफिसबाहेर रांग होती. एक आई म्हणाली, आमची डावखुरी आहे. बेकरीवाला म्हणाला, आमचा सकाळी पेंगतो, कारण भट्टी पहाटे पेटते आणि घर भट्टीच्या वरच आहे. हे ऐकून बाई क्षणभर गंभीर झाल्या. हे त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि त्या पोराला पेंगण्याबद्दल त्या वर्षभर ओरडत आल्या होत्या. जुळ्यांचे वडील म्हणाले, दोघांतल्या एकाला गरज आहे.

"कुठल्या?" मोठ्या सरांनी विचारलं.

"तेच तर कळत नाही ना!"

दोघंही आत गेले. मग वर्गाच्या मॉनिटरचे वडील आले, भलतेच रागावलेले. "माझा मुलगा पहिला येतो. ढ पोरांना सवलती, आणि हुशारांनी काय घोडं मारलंय?" मोठ्या सरांनी परिपत्रक चाळलं. त्यात 'असाधारण' असा एक शब्द सापडला. मॉनिटर आत गेला. दर खेपेला मोठे सर बाईंकडे बघायचे, बाई मान डोलवायच्या, आणि आकडा वर जायचा.

अखेर वर्गात एकच मुलगी उरली. गुणी, निरोगी, दोन्ही हात चालणारे, झोप पुरेशी. तिच्या घरून कुणी आलं नव्हतं. ती एकटी चाळिसांच्या खोलीत ताठ बसून बाईंकडे बघत होती.

"हिला मात्र काही म्हणजे काही गरज नाही," मोठे सर म्हणाले.

"सर, ती एकटी पडलीय. आणि तुमचे साहेब म्हणाले होते, एकही मूल वेगळं पडणार नाही."

मोठ्या सरांनी कपाळाला हात लावला, आणि मग, बऱ्याच वर्षांनी, मोठ्याने हसले. शिपाईमामांना हाक मारून म्हणाले, "मामा, चौथीचे बाक उचला. फळाही न्या. आणि बाईंचं टेबल."

खोली मोठी असली तरी इतकी मोठी नव्हती. निळ्या खुर्च्या थोड्या, पोरं फार. खुर्च्यांसाठी पाळ्या लागल्या, बाकीच्यांना बाक. पहिल्या दिवशी बाई आत शिरल्या तेव्हा पोरांचा नुसता कालवा चालला होता. अर्धा तोंडाचा, अर्धा हातांचा. अडखळणाऱ्या मुलाने नुकतंच काहीतरी सांगितलं होतं, आणि नवी मुलगी पोट धरून हसत होती. बाईंनी टेबलावर थाप मारली. ऐकणारे ऐकून वळले, भिंगरी थाप जाणवून वळली.

"अपूर्णांक," बाई म्हणाल्या, तोंडाने आणि हातांनी. सगळ्या खोलीने एकमुखाने कण्हून दाखवलं.

पाठबळसाहेब पुन्हा आले तेव्हा दारातच थबकले. खोली गच्च भरलेली. त्यांना आत पाय ठेवायला जागा मिळेना.

"हे सगळे... विशेष गरजेचे?"

"सगळे," मोठे सर म्हणाले. त्यांची मान या खेपेला हलली नाही.

"मग मुख्य प्रवाहात कोण उरलंय?"

"कुणी नाही साहेब. समावेश पूर्ण झाला."

बाईंना वाटलं, आता बिंग फुटणार. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. पोरांनी नाकाखाली दोन बोटं फिरवून त्यांचं स्वागत केलं. तो नमस्काराचाच प्रकार असावा असं समजून साहेबांनीही नाकाखाली दोन बोटं फिरवली. खोलीत हास्याचा स्फोट झाला. साहेबांचे डोळे पाणावले. "काय हा संवाद!" ते म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथे वर फोन लावला आणि कळवलं की आपल्या पाठबळामुळे या शाळेत शंभर टक्के समावेशन झालं आहे, एवढं दुसऱ्या कुठल्याही शाळेत झालेलं नाही. मोठ्या सरांना सन्मानचिन्ह मिळालं. पाचवीच्या पालकांनी आमच्या मुलांना कक्ष का नाही, म्हणून तक्रार केली. चौथीच्या जुन्या वर्गात साहेबांनी पाठवलेल्या माहितीपुस्तिकांचे गठ्ठे रचून ठेवले. बाईंना काही मिळालं नाही, आणि या खेपेला त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

यमकाचा प्रश्न तेवढा राहिलाच. बाई अजून त्याच्याशी झगडत होत्या. कधी ताल टेबलावर वाजवून बघत, कधी सारख्या खुणा जुळवून. भिंगरी कधी पटल्यासारखं करायची, कधी सपशेल नाकारायची.

महिन्याभराने साहेब काही कामासाठी आले असताना त्यांना कक्षाबाहेर दोन मुली भिंतीला पाठ लावून उभ्या दिसल्या. एक भिंगरी, दुसरी चष्मिस. दोघींची तोंडं फुगलेली. साहेब धावतच बाईंकडे गेले.

"बाई! ही विशेष मुलगी बाहेर कशी?"

"शिक्षा झालीय तिला."

"शिक्षा? तिला? अहो, तिला ऐकूसुद्धा येत नाही!"

"चिमटा काढायला ऐकू यावं लागत नाही साहेब. खुर्चीवरून भांडल्या. पहिला चिमटा हिचा, दुसरा तिचा. दोघी बाहेर."

 दारातून भिंगरीने दोन्ही हात उडवून बाईंना काहीतरी भराभरा सुनावलं. साहेबांनी कौतुकाने विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"बरंच काही म्हणतेय," बाई म्हणाल्या. त्यांनी तिच्याकडे वळून दोन हात हलवले, आणि भिंगरी पाय आपटत पुन्हा भिंतीला जाऊन टेकली.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, घंटा होईपर्यंत उभी राहा," बाई म्हणाल्या, आणि फळ्यावर अर्धवट राहिलेली बेरीज पुढे लिहू लागल्या.